गाडी बाजूला, हात स्टिअरिंगवर, पिस्तूल कमरेला

अमेरिकेत पहिल्यांदा पोलिसानं थांबवलं तेव्हा मी पुण्याच्या सवयीनं वागलो. मागे लाल-निळे दिवे दिसले, गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि कागदांची प्लॅस्टिकची फाइल हातात धरून सरळ त्याच्याकडे चालायला लागलो. आपल्याकडे तसंच असतं. चौकात मामानं हात दाखवला की गाडी स्टँडला लावायची, जवळ जायचं आणि "साहेब, पीयूसी आहे, फक्त घरी राहिलीय" असं सुरू करायचं. गाडीतच बसून राहिलं तर तो उर्मटपणा. इथं लाउडस्पीकरवरून आवाज आला, "गेट बॅक इन द व्हेइकल!" वळून पाहिलं तर त्या माणसाचा उजवा हात त्याच्या होल्स्टरवर होता. मी अर्ज घेऊन निघालेल्या माणसासारखा चालत होतो आणि त्याला दिसत होता अंधारातून अंगावर येणारा एक अनोळखी माणूस, हातात काहीतरी असलेला.

त्या रात्री माझ्याकडे त्या फाइलशिवाय काही नव्हतं. पुढे टेक्ससमध्ये स्थायिक झालो, नागरिक झालो, पिस्तूल घेतलं आणि 'लायसन्स टू कॅरी' काढलं. सगळे त्याला एलटीसी म्हणतात. पिस्तूल बाळगावं की नाही या वादात मी इथं पडत नाही. आमच्या घरात तो अजून मिटलेला नाही. पण बाळगायचंच ठरलं असेल, तर पोलिसानं गाडी थांबवल्यावर पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं हे घरी बसून ठरवलेलं बरं. मराठी मंडळाच्या जेवणात हा विषय निघाला की चार जण चार गोष्टी सांगतात आणि त्यातल्या दोन हमखास चुकीच्या असतात.

सगळ्यात मोठी चूक पोलिसापाशी होतच नाही, ती त्याआधीच झालेली असते. टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या माणसाला पिस्तूल बाळगायला लायसन्स लागत नाही. 2024 अखेर अशी राज्यं 29 झाली. यावरून आपली मंडळी "म्हणजे कोणीही बाळगू शकतं" असा अर्थ काढतात. तसं नाही. ज्याला कायद्यानं शस्त्र जवळ ठेवायला मनाई नाही, त्यालाच ही मुभा आहे. आणि केंद्राचा कायदा सांगतो की नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या माणसानं पिस्तूल तर सोडाच, गोळ्याही जवळ ठेवायच्या नाहीत. एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1, आईबाबांचा बी-2, सगळे त्यात आले. काही अपवाद आहेत, वैध शिकारीचं लायसन्स हा त्यातला नेहमी ऐकू येणारा. पण शिकारीच्या लायसन्सच्या जोरावर कमरेला पिस्तूल लावून एच-इ-बी नावाच्या सुपरमार्केटात भाजी आणायला जाणाऱ्याला मी आधी वकील गाठायला सांगेन. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही आडकाठी नाही. पण ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत आहे याचा अर्थ ग्रीन कार्ड मिळालं असा होत नाही.

यात शिक्षा किती? 2022 च्या दुरुस्तीनंतर कमाल 15 वर्षं. शिवाय शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला देशाबाहेर काढता येतं, आणि हे ग्रीन कार्डवाल्यालाही लागू आहे. एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. विद्यार्थी व्हिसावर आलेला रेहाइफ नावाचा मुलगा नापास होऊन कॉलेजातून बाहेर पडला आणि नंतर शूटिंग रेंजवर जाऊन बंदूक चालवून आला. 2019 मध्ये न्यायालयानं म्हटलं की आपण मनाई असलेल्या गटात आहोत हे आरोपीला माहीत होतं, हेही सरकारनं सिद्ध करायला हवं. हा लेख वाचल्यावर तुम्हाला "माहीत नव्हतं" म्हणायची सोय राहिली नाही, त्याबद्दल क्षमस्व.

याच कायद्याचं एक घरगुती टोक आहे. नवरा नागरिक, बायको अजून एच-1बीवर. नवऱ्यानं पिस्तूल गाडीच्या कन्सोलमध्ये विसरलं आणि बायको तीच गाडी घेऊन मुलाला आणायला गेली. वाटेत पोलिसानं थांबवलं तर पिस्तूल कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न आता तिच्या गळ्यात. म्हणून आमच्याकडे एकच नियम आहे: पिस्तूल माझ्या अंगावर असेल किंवा तिजोरीत असेल. गाडीत ते राहत नाही.

आता रस्त्यावर येऊ. पोलिसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तो तुमच्या मागे थांबतो, नंबरप्लेट कॉम्प्युटरवर टाकतो, टॉर्च घेतो आणि चालत येतो. काचेतून त्याला डोकी दिसतात, खांदे दिसतात. हात दिसत नाहीत. ते त्याला सगळ्यात आधी बघायचे असतात. म्हणून काच खाली, गाडी बंद, रात्र असेल तर आतला दिवा चालू आणि दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला, बोटं मोकळी. हे सगळं तो खिडकीशी पोचायच्या आत व्हायला हवं. त्या वेळात वाकून ग्लव्ह बॉक्स धुंडाळायचा नाही. आपल्याला वाटतं कागद तयार ठेवले तर साहेब खूश होईल. मागून येणाऱ्याला मात्र फक्त एक डोकं खाली गेलेलं दिसतं.

कायदा त्याला काय मुभा देतो, हेही ठाऊक असावं. तो तुम्हाला गाडीतून उतरायला सांगू शकतो, कारण सांगायची गरज नाही. हे ठरलं ते 1977 च्या मिम्स खटल्यात, आणि योगायोग असा की तो खटला आपल्याच विषयाचा होता. फिलाडेल्फियात मुदत संपलेल्या नंबरप्लेटसाठी एक गाडी थांबवली, ड्रायव्हरला उतरवलं, तर जॅकेटखाली फुगवटा दिसला आणि आत भरलेलं रिव्हॉल्व्हर निघालं. 1983 च्या लाँग खटल्यानं आणखी एक दार उघडलं. माणूस धोकादायक असू शकतो असं मानायला रास्त कारण असेल, तर गाडीच्या आत जिथं शस्त्र असू शकेल तिथं पोलीस पाहू शकतो. उलट बाजूनं 2015 च्या रॉड्रिगेझ खटल्यानं त्याला आवर घातला: तिकिटाचं, म्हणजे दंडाच्या पावतीचं, काम झाल्यावर दुसरा काही संशय नसताना, अमली पदार्थ शोधणारा कुत्रा हुंगून जाईपर्यंत तुम्हाला थांबवून ठेवता येत नाही. त्या खटल्यात वाद सात-आठ मिनिटांचा होता.

मग पिस्तूल आहे हे सांगायचं की नाही? याचं उत्तर तुम्ही कुठल्या राज्यात उभे आहात त्यावर आहे, तुमचं घर कुठल्या राज्यात आहे त्यावर नाही. मिशिगनमध्ये लायसन्सवाल्यानं ताबडतोब सांगायचं, तो विचारायच्या आधी. नाही सांगितलं तर पहिल्या चुकीला 500 डॉलर दंड आणि लायसन्स सहा महिने बंद. नॉर्थ कॅरोलायनातही परवानेवाल्यानं आपणहून सांगायचं. अलास्कातही. मिशिगनच्या शेजारच्या ओहायोत 13 जून 2022 पर्यंत असंच होतं, आता पोलिसानं विचारलं तरच खरं उत्तर द्यायचं. म्हणजे डेट्रॉइटहून टोलीडोला इडली खायला गेलात तरी वाटेत नियम बदलतो. फ्लोरिडात आपणहून सांगायची सक्ती नाही. टेक्ससचं थोडं वेगळं आहे: पोलिसानं ओळखपत्र मागितलं आणि तुमच्या अंगावर पिस्तूल असेल, तर एलटीसीवाल्यानं ड्रायव्हिंग लायसन्ससोबत एलटीसीही दाखवायचं. हे न करणाऱ्याची शिक्षा 2009 मध्ये काढून टाकली, पण नियम कायम आहे.

माझं मत विचाराल तर सक्ती असो वा नसो, अंगावर असेल तर सांगावं. टेक्ससमध्ये ड्रायव्हिंग लायसन्स आणि एलटीसी दोन्ही डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टीकडूनच मिळतात, लायसन्स कॉम्प्युटरवर टाकलं की एलटीसी आहे हे त्याला कळतंच. मग ते स्क्रीनवरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं. पण हे मत पिस्तूल कायदेशीर असेल तिथपुरतंच आहे, आणि ते कुठं कायदेशीर नाही हे कळायला शनीन ॲलनची गोष्ट माहीत हवी. फिलाडेल्फियात राहणारी, दोन मुलांची आई, पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना. ऑक्टोबर 2013 मध्ये न्यू जर्सीच्या अटलांटिक काउंटीत लेनच्या किरकोळ चुकीसाठी तिला थांबवलं. तिनं स्वतःहून, प्रामाणिकपणे सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा माझा परवाना. न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याही राज्याचा परवाना मानत नाही. तिला अटक झाली आणि किमान साडेतीन वर्षांचा तुरुंग समोर उभा राहिला. बराच गदारोळ झाल्यावर खटल्याऐवजी देखरेखीचा पर्याय मिळाला आणि एप्रिल 2015 मध्ये गव्हर्नर ख्रिस्टींनी माफी दिली. म्हणजे वाचली, पण त्यात दीड वर्ष गेलं.

उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं 2022 चं अधिवेशन अटलांटिक सिटीत झालं, त्याच काउंटीत. 2024 चं सॅन होजेला. कॅलिफोर्नियाही दुसऱ्यांचे परवाने मानत नाही, न्यूयॉर्कही नाही. पेनसिल्व्हेनियाहून गाडीनं जाणाऱ्यानं डिकीत ढोल-ताशे नेले आणि कमरेचं पिस्तूल घरी ठेवायला विसरला, तर त्याचं अधिवेशन न्यू जर्सीत शिरतानाच्या पुलावरच संपायचं. अशा राज्यातून नुसतं पार जायचं असेल तर 1986 चा केंद्राचा कायदा वाट देतो. पिस्तूल गोळ्या काढून, हाताला लागणार नाही असं ठेवायचं. वेगळी डिकी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटीत, आणि ग्लव्ह बॉक्स किंवा कन्सोल ही पेटी धरली जात नाही. शिवाय जिथून निघालात आणि जिथं पोचणार, दोन्हीकडे ते कायदेशीर हवं.

आता सांगायचं कसं, ते बघू. "आय हॅव अ गन" असं सुरू करू नका. वाऱ्यात, ट्रकच्या आवाजात आणि आपल्या उच्चारात ऐकणाऱ्याला फक्त 'गन' पोचतो, आणि जवळ दुसरा पोलीस उभा असेल तर तो हा शब्द पहिल्याकडून ऐकलेला इशारा समजू शकतो. मी जे पाठ केलंय ते असं: "गुड इव्हनिंग, ऑफिसर. आय हॅव अ लायसन्स टू कॅरी, अँड आय ॲम कॅरिंग टुडे. इट्स ऑन माय राइट हिप. हाउ वुड यू लाइक मी टू प्रोसीड?" आधी लायसन्स, मग आहे, मग कुठं आहे, मग तुम्ही म्हणाल तसं. हात हलवायचे नाहीत. "हे बघा इथं" म्हणून बोटानं दाखवायचं तर मुळीच नाही. आपण मराठी माणसं हातांशिवाय बोलू शकत नाही, म्हणून मी सराव केला. गॅरेजमध्ये, गाडी बंद, पिस्तूल वर तिजोरीत, बायको टॉर्च घेऊन खिडकीशी. पहिल्या खेपेला "राइट हिप" म्हणताना माझा उजवा हात आपसूक खाली गेला. "मेलास," ती म्हणाली आणि दिवा बंद करून आत गेली.

त्या सरावात एक गोष्ट लक्षात आली, जी एलटीसीच्या वर्गात कोणी सांगितली नव्हती. मी उजवा. पिस्तूल उजव्या कमरेला. पाकीटही उजव्या खिशात. आणि इथल्या गाडीत ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे सीटबेल्टचं बकलही उजव्या कमरेशी. लायसन्स काढायला हात नेला काय, बेल्ट सोडायला नेला काय, बाहेरून तो पिस्तुलाकडेच जाताना दिसतो. उपाय अगदी साधा निघाला. लायसन्स आणि एलटीसी वरच्या व्हायझरच्या पट्टीत, रजिस्ट्रेशन आणि विम्याचं कार्डही तिथंच. ग्लव्ह बॉक्समध्ये टिश्यू आणि पार्ले-जी. विमा फोनवर दाखवला तरी टेक्ससमध्ये चालतो, पण काळोखात कोणीतरी काळी वस्तू हातात उचलतंय असं दिसायला नको, म्हणून कागदीच. बेल्ट त्यानं सांगितल्याशिवाय सोडायचा नाही. सोडायला सांगितलं तर आधी म्हणायचं, "बकल पिस्तुलाजवळ आहे, डाव्या हातानं सोडू का?"

हे सगळं करूनही खात्री नसते, हे लपवण्यात अर्थ नाही. फिलँडो कॅस्टिल हा सेंट पॉलच्या एका शाळेच्या कॅफेटेरियाचा सुपरवायझर, वय 32, कृष्णवर्णीय, परवानाधारक. गाडी चालवायला लागल्यापासून पोलिसांनी त्याला चाळीसहून जास्त वेळा थांबवलं होतं. 6 जुलै 2016 ला मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्समध्ये त्याला पुन्हा थांबवलं, सांगितलेलं कारण ब्रेक लाइटचं. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी. पोलिसानं लायसन्स आणि विमा मागितला. त्यानं विम्याचं कार्ड दिलं आणि शांतपणे म्हणाला, "सर, आय हॅव टू टेल यू दॅट आय डू हॅव अ फायरआर्म ऑन मी." पोलीस म्हणाला, मग त्याला हात लावू नको. मग म्हणाला, बाहेर काढू नको. कॅस्टिल म्हणाला, मी काढत नाहीये. मैत्रीण म्हणाली, तो काढत नाहीये. सात गोळ्या झाल्या. "आय वॉझन्ट रीचिंग फॉर इट" हे त्याचे शेवटचे शब्द. पुढच्या जूनमध्ये ज्युरीनं त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

कॅस्टिलनं चूक केली असं मी म्हणत नाही, तो सभ्यपणे आणि खरं बोलला. पण त्या प्रसंगाचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकताना एक गाठ दिसते. दोन आज्ञा एकमेकींवर पडल्या होत्या. लायसन्स दे, ही पहिली, अजून पुरी न झालेली. हात नेऊ नको, ही दुसरी. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. म्हणून मी स्वतःपुरतं ठरवलंय की शस्त्राचा उल्लेख झाला की आधीची आज्ञा रद्द. हात जिथं आहेत तिथं गोठवायचे आणि मोठ्यानं म्हणायचं, "माझे हात इथंच आहेत. तुम्ही एक गोष्ट सांगा, तेवढीच करतो." लायसन्स व्हायझरला असण्याचं खरं कारणही हेच. खिशात हात घालायची वेळच येत नाही. माझ्या रंगाच्या माणसाला हे जितकं सोपं जाईल तितकं कॅस्टिलच्या रंगाच्या माणसाला जात नाही, हेही खरंच.

शेजारी-मागे बसलेल्यांनाही आधी सांगून ठेवावं लागतं. आमच्या आईला इंग्रजी समजतं, पण पोलीस दिसला की तिचा हात पर्सकडे जातो, पासपोर्ट दाखवायला. बाबा व्हिडिओ काढतात, नातेवाइकांना पाठवायला. दोघांना एकच वाक्य शिकवलंय: हात मांडीवर, तोंड बंद, मी बोलतो. आईनं विचारलं, "एवढं काय ते? आपल्याकडे आचारसंहिता लागली की पाटलांची बंदूकच ठाण्यात जमा करून घेतात." तिच्यापुरतं हे अगदी बरोबर आहे.

पोलीस गाडीची झडती घेऊ का विचारेल कदाचित. नाही म्हणायचा हक्क आहे: "आय डोंट कन्सेंट टू अ सर्च, ऑफिसर." एकदा, सौम्यपणे. तरीही त्यानं घेतलीच तर अडवायचं नाही, हुज्जत घालायची नाही. ती जागा कोर्टात, वकिलाबरोबर. रस्त्याच्या कडेला राज्यघटना शिकवून कोणी जिंकल्याचं मी ऐकलेलं नाही.

कधी तो पिस्तूल काही वेळ स्वतःकडे घेतो. टेक्ससच्या कायद्यात तशी मुभा आहे, सुरक्षिततेसाठी गरज वाटली तर, आणि तुम्हाला सोडताना ते परत द्यायचं. इथं एकच धरून ठेवा: तुम्ही स्वतः ते काढून त्याच्या हातात द्यायचं नाही. "मी देतो ना" हा आपला सौजन्याचा सूर इथं नको. त्याला उतरवू द्या, वळवू द्या, त्याच्या हातानं काढू द्या. परत देताना बहुतेक जण मॅगझिन वेगळं काढून, चेंबरमधली गोळी बाहेर काढून देतात, कधी सीटवर ठेवतात, कधी डिकीत. तेव्हा लगेच मॅगझिन ठोकून पुन्हा कमरेला लावायची घाई होते, कारण उघडं पडल्यासारखं वाटतं. थांबा. तो त्याच्या गाडीत बसून, इंडिकेटर देऊन रहदारीत मिसळेपर्यंत पिस्तुलाला हातही लावू नका. मग पुढचा पेट्रोल पंप येईल तिथं, दिव्याखाली गाडी लावून, आधी तिकिटावरची कोर्टाची तारीख वाचा.